एकाच खोऱ्यातलं पाणी, पण मर्यादा कुणाला आणि सूट कुणाला?

ओंजळ (धागाकर्ती)

दर उन्हाळ्यात पुण्यात तेच ते चालू होतं. ‘शहर पाणी उधळतं’ आणि ‘सगळं पाणी उसाला जातं’. दोन्ही बाजूंची भाषणं आता पाठ झालीत, त्यामुळे ती कृपया इथे नकोत. मला वेगळंच विचारायचंय. नदी, धरण, कालवा यांतून पाणी उचलण्यावर कायद्याची मर्यादा नेमकी कुठे लागते आणि कुठे लागतच नाही?

मला समजलं ते असं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून महापालिकेचा पाटबंधारे खात्याशी करार 11.5 टीएमसीचा. प्रत्यक्ष उचल कित्येक वर्षं 18 टीएमसीच्या पुढेच, अलीकडे 20 च्या आसपास. मग कराराचं काय? करार मोडला म्हणून कुणी व्हॉल्व्ह बंद करत नाही. जादा पाण्याला चढा दर लागतो, खातं बिल पाठवतं, महापालिका ते मान्य करत नाही, थकबाकीचा आकडा फुगत जातो.

याच साखळीतून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत जातो, 202 किलोमीटर. तिथल्या शेतकऱ्याला नमुना नंबर 7 चा पाणी मागणी अर्ज, मागची बाकी, पिकाची नोंद, मंजुरी, आणि मग पाळी. कालव्यात विनापरवाना पाइप टाकला तर गुन्हा. पण त्याच शेतकऱ्याने थोडं अंतर सोडून विहीर पाडली आणि तीत कालव्याचंच पाझरलेलं पाणी आलं, तर? भीमेच्या काठावर मोटर बसवली तर? जिथे विचारते तिथे वेगळं उत्तर मिळतंय. इथे खात्यात नोकरी केलेले आणि वकिली करणारे लोक आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारते.

पेठकर

खुर्ची ओढून बसलो आहे. एकच सांगतो, आमच्या सोसायटीत पाण्याचा मीटर बसवायला माणसं आली तेव्हा सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता ते विचारू नका. (माझा नव्हता.)

शाखाधिकारी_निवृत्त

ओंजळताई, सवडीने लिहितो, कारण दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.

आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976. त्याने 1879 चा मुंबईचा कायदा बाजूला केला. पण कायदा राबवायला त्याखाली नियम लागतात. ते नियम कित्येक दशकं झालेच नाहीत आणि खातं 1934 च्या कॅनॉल रूल्सवर गाडा हाकत राहिलं. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे सरांनी यावर वर्षानुवर्षे लिहिलं आहे. आमच्या ऑफिसात ते लेख आवडीने वाचले जायचे, आणि मग सगळे आपापल्या फाइलकडे वळायचे.

दुसरी गोष्ट अधिसूचनेची, आणि खरी गोम इथे आहे. या कायद्याचा हात ‘कालवा’ या व्याख्येत जे बसतं तिथपर्यंतच पोचतो. नदी त्यात आपोआप बसत नाही. कलम 11 खाली सरकारने अमुक नदी, अमुक टप्पा असं अधिसूचित करायचं, मग तिथल्या उपशावर खात्याचा पक्का अधिकार. लाभक्षेत्राचंही, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणाऱ्या जमिनीचंही, तेच. अधिसूचना निघाली तर ते कायद्याने लाभक्षेत्र, नाही निघाली तर नकाशावर रंगवलेली जागा. नोकरीत असताना एका विनापरवाना उपशावर कारवाईची फाइल मी चालवली होती. समोरच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, “या टप्प्याची अधिसूचना दाखवा.” ती शोधता शोधता वरचे साहेब बदलले, त्यांच्या जागी आलेलेही बदलले. मोटर चालूच होती.

2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, म्हणजे आमच्या भाषेत मजनिप्रा, आलं. देशातलं अशा प्रकारचं पहिलं. हक्कदारी (कुणाचा किती पाण्यावर हक्क) घनमापनावर ठरवायची, म्हणजे किती हेक्टर यापेक्षा किती घनमीटर, अशी कल्पना. कल्पना उत्तम. पण शेतीची हक्कदारी ज्या ठिकाणी पाणीवापर संस्थांचा 2005 चाच दुसरा कायदा लागू झालाय तिथेच. बाकी ठिकाणी जुनंच. म्हणजे एकाच कालव्यावर दोन वितरिकांना (कालव्याच्या फाट्यांना) दोन व्यवस्था असू शकतात.

याच कायद्यात बारमाही पिकांना ठिबक किंवा तुषारशिवाय कालव्याचं पाणी द्यायचं नाही असं कलम आहे. लोक ते वाचून खूश होतात. पुढचे शब्द वाचा: ‘ठरवून दिलेल्या क्षेत्रात, ठरवून दिलेल्या तारखेपासून’. क्षेत्र आणि तारीख ठरल्याशिवाय ते कलम कपाटातच.

विहिरीचं उद्या लिहितो. डोळे दुखतात हल्ली स्क्रीनवर.

उंड्रीकर

शाखाधिकारी काका, शहराची मर्यादा कोण ठरवतं तेही सांगा. 2017 ला आमच्यासह 11 गावं महापालिकेत घेतली, 2021 ला आणखी 23. पाइपलाइन काही त्याच वेगाने आली नाही. टँकर येतो तो कुठल्यातरी बोअरचा किंवा विहिरीचा. मग आम्ही त्या 11.5 टीएमसीत आहोत की नाही?

शाखाधिकारी_निवृत्त

उंड्रीकर, मजनिप्राच्या निकषात 50 लाखांवरच्या महानगराला माणशी दिवसाला 150 लिटर, त्याहून लहान महापालिकांना 135. गुणाकार करायचा. पण माणसं किती धरायची? 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिका 31 लाख. त्यावर 150 लावले तर वर्षाला जेमतेम 6 टीएमसी. 50 लाख धरले तर साडेनऊच्या वर. 70 लाख धरले तर साडेतेरा. (एक टीएमसी म्हणजे 2,832 कोटी लिटर, वर्षभर वाटले तर रोज साधारण 78 एमएलडी, म्हणजे दशलक्ष लिटर.) गळती, तरंगती लोकसंख्या, आसपासच्या गावांना द्यायचं पाणी, हे सगळं अजून बाहेरच आहे. खातं एक लोकसंख्या धरतं, महापालिका दुसरी. भांडण पाण्याचं दिसतं, पण असतं डोक्यांच्या मोजणीचं.

तुमचा टँकर या कुठल्याच हिशोबात नाही. तो भूजलातला.

टेलचा_शेतकरी

सायेब बरोबर बोलले. आता टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, काय होतं ते ऐका.

आवर्तन (कालव्यात पाण्याची पाळी) सुटलं की पहिले आठ-दहा दिवस आम्ही फक्त पेपरात वाचतो. रात्री बॅटरी घेऊन भरावावरनं चालत गेलं की दिसतं. दोन इंची, तीन इंची पाइप कालव्यात सोडलेले, वर काटेरी बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. सायफन एकदा लागला की मोटरचा आवाजही नाही, पाणी गुपचूप भरावाच्या पलीकडं. पाणी वाटणारा पाटकरी एकटा, त्याच्याकडं तिघांची बीट. त्याला शिव्या देऊन काय उपयोग, तो पण आमच्याच गावात राहतो. शेजपाळीच्या (पाणी घ्यायच्या क्रमाच्या) यादीत माझं नाव असतं, वार असतो, वेळ असते. त्या वेळेला चारीवर जाऊन उभं राहिलं तर मांडीइतकं पाणी पाहिजे तिथं घोट्याइतकं. तेवढ्या पाण्यात एक एकर भिजायला दोन रात्री जातात, आणि यादीत पुढचं नाव लागलेलं असतं.

म्हणजे मर्यादा आम्हाला लागू आहे. आमच्या वरच्याला लागू आहे का ते माहीत नाही.

दुसरं. भावाची जमीन भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. तिथं उपशाचा परवाना असतो, पाणीपट्टी क्षेत्रावर. पाणी मागं सरकलं की चर काढायची, पाइप वाढवायचे, मोटर खाली न्यायची. किती पाणी उचललं हे कुणी विचारत नाही. वीजबिल पण एचपीवर, मीटर नाही. म्हणजे खातं मोजत नाही, लाइटवाले मोजत नाहीत, आणि भाऊ तर मोजतच नाही.

पेठकर

शेवटचं वाक्य जबरदस्त. भाऊंना हा धागा दाखवू नका.

कायदेकानू

ओंजळ, तुमच्या प्रश्नाच्या वरच्या मजल्यापासून बघू, कारण तिथे आकडे एकदम कडक आहेत आणि खाली उतरावं तसे विरघळत जातात.

पाणी हा राज्यसूचीतला विषय, नोंद 17. आंतरराज्य नद्यांसाठी केंद्रसूचीत नोंद 56, आणि तंट्यांसाठी अनुच्छेद 262 व 1956 चा कायदा. भीमा कृष्णेला मिळते, म्हणून आपण कृष्णेच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादात आलो. लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचं (शंभरातल्या 75 वर्षी मिळेलच असं) 2060 टीएमसी वाटलं: महाराष्ट्र 560, कर्नाटक 700, आंध्र 800. वर अटी. भीमेच्या मुख्य प्रवाहातून महाराष्ट्राने 1990-91 पासून वर्षाला 95 टीएमसीपेक्षा जास्त वापरायचं नाही. टाटांच्या जलविद्युत धरणांतून पश्चिमेला वळवायचं पाणी एका वर्षात 54.5 टीएमसीच्या पुढे नाही आणि सलग पाच वर्षांत मिळून 212 च्या पुढे नाही. किती नेमकेपणा आहे बघा. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने 2010 मध्ये महाराष्ट्राला 666 दिले, पण तो निवाडा सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीमुळे राजपत्रात आला नाही, म्हणून बच्छावतच चालू.

आता गंमत बघा. वापर मोजायचा कसा, हेही त्याच लवादाने ठरवलं. शेतीला दिलेलं पाणी पूर्ण धरायचं. घरगुती आणि नगरपालिकेचं पाणी उचलीच्या फक्त 20 टक्के धरायचं. उद्योगाचं अडीच टक्के. बाकीचं नदीत परत येतं हे गृहीत. त्या वहीत पुण्याने 20 टीएमसी उचललं तर नोंद 4 टीएमसीची. म्हणजे पुणे शहर राज्याच्या मर्यादेला जवळपास धक्काच लावत नाही, आणि तेच पुणे खडकवासल्याच्या करारात दुपटीच्या जवळ गेलेलं असतं. दोन्ही कायदेशीर हिशोब. दोन्ही खरे.

शेवटचा मजला, नदीकाठचा माणूस. भारतीय सुखाधिकार अधिनियम, 1882, कलम 7. ओढ्या-नदीला लागून जमीन असलेल्या मालकाला पिण्याला, घरच्या वापराला, जनावरांना आणि खालच्या तशाच मालकांचं भरीव नुकसान न करता शेतीलाही पाणी घेता येतं. किती, याचा आकडा नाही. सरकारचा नियमनाचा अधिकार त्याच कायद्याने राखून ठेवलाय. पण तो वापरायचा तर अधिसूचना हवी. म्हणजे शाखाधिकारी साहेबांच्या फाइलपाशी आपण परत आलो.

ओंजळ

20 टक्क्यांचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे मोजमापाचा नियम बदलला की त्याच पाण्याची मर्यादा मोडते किंवा मोडत नाही?

कायदेकानू

होय. आणि ‘बाकीचं परत येतं’ यातलं ‘परत’ कसल्या अवस्थेत येतं ते लवादाच्या गणितात नाही. ते सोलापूरवाल्यांना विचारा.

पंढरीची_वाट

विचारा ना, सांगतो. उजनी 117 टीएमसीचं धरण. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. उरलेल्या 53 वर सोलापूर शहर, पंढरपूर, उद्योग, कारखाने आणि दोन्ही कालवे. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं ते वेगळं. उन्हाळ्यात भिगवणच्या पुलावरून जाताना काच वर करून घेतो आम्ही.

पण माझा मुद्दा वासाचा नाही. जायकवाडीवाल्यांना जे मिळालं ते आम्हाला का नाही? मजनिप्रा कायद्यात कलम 12(6)(ग) आहे. खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत टंचाईच्या वर्षी साठ्याचं प्रमाण साधारण सारखं राहील असं बघायचं. त्यावर मेंढेगिरी अभ्यास गटाने कधी किती पाणी सोडायचं याचा तक्ता केला, 2014 मध्ये प्राधिकरणाचा आदेश झाला, 2016 मध्ये हायकोर्टाने तो उचलून धरला. आता 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. नगरचे लोक रस्त्यावर उतरतात, पण तक्ता आहे. आमच्याकडे काय? पालकमंत्री कोण आणि कालवा सल्लागार समितीत कुणाचा आवाज मोठा, यावर आवर्तनं. कायदा तोच, राज्य तेच, खोरं बदललं की नियम बदलला.

2021 ला इंदापूरला उजनीतून 5 टीएमसी द्यायचा आदेश निघाला आणि सोलापुरात पेटलं तेव्हा महिन्याभरात तो रद्द झाला. आदेश निघाला तो कुठल्या मर्यादेत बसवून आणि रद्द झाला तो कुठली मर्यादा मोडली म्हणून, दोन्ही वेळा कुणी सांगितलं नाही.

टेलचा_शेतकरी

पंढरीची वाट, राव तुमचं सगळं मान्य, पण ते 5 टीएमसी आमच्या इंदापुरालाच येणार होतं. धरणात जमीन आमची गेली आणि पाणी प्यायचं तुम्ही?

पंढरीची_वाट

दादा, जमीन करमाळ्याची, माढ्याचीही गेली. हे भांडण नको, ओंजळताईंनी पहिल्याच ओळीत हात जोडलेत.

चिंचवडी

आमच्या पवनेचं कुणी नावच काढेना. पिंपरी-चिंचवड पवना धरणाचं पाणी नदीतूनच घेतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून. धरण ते रावेत नदी हाच पाट. वाटेत दोन्ही काठांवर मावळातल्या शेतकऱ्यांच्या मोटरी. बंद पाइपलाइन आणायचं ठरलं तेव्हा विरोधाचं खरं कारण हेच होतं की नदीत पाणी वाहिलं तरच काठावरच्याला मिळतं. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तीन माणसं गेली. त्या काठच्या लोकांचा पाण्यावरचा हक्क कुठे एका कागदावर लिहिलेला असता, किती आणि कोणत्या महिन्यात, तर चर्चा तरी कागदावर झाली असती. आम्ही 2019 पासून एक दिवसाआड पाणी पितोय, ते वेगळंच.

टेम्सकाठी

नमस्कार. मूळची सदाशिव पेठेतली, सध्या इंग्लंडात. तिकडची एक गोष्ट सांगते, कारण ‘कालवा वेगळा, नदी वेगळी, विहीर वेगळी’ हे वाचून तुलना आठवली.

इथे दिवसाला 20 घनमीटरपेक्षा जास्त पाणी उचलायचं असेल तर परवाना लागतो. नदी असो, ओढा असो, बोअर असो, आकडा एकच. त्याच्या आत असाल तर कुणाला विचारायची गरज नाही. ऐकायला झकास. पण भोकं इथेही आहेतच. 1963 च्या कायद्यानंतर जे आधीपासून पाणी उचलत होते त्यांना हक्काने परवाने दिले, त्यातले बरेचसे बेमुदत. नदी आटली तरी परवाना जिवंत. आणि ठिबक सिंचनाला 2018 पर्यंत परवानाच लागत नव्हता! आपल्याकडे ठिबक सक्तीचं करणारं कलम कपाटात, आणि इथे ठिबक आहे म्हणून मोजणीतून सुट्टी. स्कॉटलंडचा कायदा पुन्हा वेगळा, तिथे आकडा 10 घनमीटरचा.

टेलचा_शेतकरी

20 घनमीटर म्हणजे 20 हजार लिटर ना? आमच्या भावाची मोटर सेकंदाला 10 लिटर धरली तरी अर्ध्या तासात संपलं. मग परवाना काढायला साऱ्या जिल्ह्याची रांग लागंल. पण एक सांगतो ताई, आकडा एकच असला तर निदान विचारता तरी येतं, तुझा किती आणि माझा किती.

शाखाधिकारी_निवृत्त

विहिरीचं राहिलं होतं.

भूजलाचा कायदा 2009 चा, राष्ट्रपतींची मंजुरी 2013 ला, अंमल 2014 पासून. 60 मीटरपेक्षा खोल विंधन विहिरीवर बंदी, अधिसूचित क्षेत्रात परवानगी, वगैरे. तो राबवायचा भूजल यंत्रणेने. कालव्याचा कायदा राबवायचा पाटबंधारे खात्याने. आता नदीपात्रापासून पन्नास-शंभर फुटांवर, वाळूच्या थरात, पंधरा मीटर खोल विहीर. पाणी कुठलं? नदीचं, हे शेंबडं पोरही सांगेल. कागदावर ते भूजल. नदीवर उपसाबंदीचा आदेश आला की नदीतल्या मोटरींची वीज तोडायला पथक जातं आणि काठावरच्या विहिरी धडधडत असतात. पथकही त्यांच्याकडे बघत बघतच जातं, कारण आदेशात ‘नदीपात्रातील’ लिहिलेलं असतं. गाळमातीच्या पट्ट्यात तर पात्रातली मोटर उचलून विहिरीत टाकायला एक दिवस पुरतो.

जमिनीखालचं आणि वरचं पाणी एकाच नोंदवहीत आल्याशिवाय ही पळवाट बंद व्हायची नाही, असं माझं नोकरीभरचं मत. साहेबांना लिहून दिलं होतं. असो.

उंड्रीकर

म्हणजे माझा टँकर ज्या विहिरीतून भरतो ती ओढ्याकाठी असेल तर ते नदीचंच पाणी, पण महापालिकेच्या कोट्यात नाही, शेतीच्या नाही, आणि परवाना नाही. एका टँकरमागे 10 हजार लिटर. आमच्या एका सोसायटीला रोज किती लागतात ते लिहीत नाही, घरचे वाचतात.

पेठकर

शहराची बाजू कुणीच मांडेना म्हणून मी मांडतो. मुंढव्याला जॅकवेल (नदीतून पाणी उचलायची विहीर) बांधलं, प्रक्रिया केलेलं साडेसहा टीएमसी पाणी जुन्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात, शेतीला द्यायचं ठरलं. महापालिका म्हणते, मी जितकं जास्त उचलते त्यातलं इतकं परत देते, ते वजा करा. हे चूक आहे का?

टेलचा_शेतकरी

चूक नाही. पण ते पाणी आमच्याकडं या, बघा, हाताला लावून बघा. फेस येतो. प्रक्रिया कुठल्या इयत्तेपर्यंत केली ते विचारा. आणि देताय तर रोज किती दिलं त्याचा आकडा कुठं लावलाय? पंप बंद असला तर तेवढ्या दिवसांचं परत केलं असं धरायचं का?

कायदेकानू

कायद्यात ‘परत दिलेलं पाणी’ हक्कदारीतून वजा करायची स्पष्ट पद्धत असती तर हा वाद दोन ओळींत मिटला असता. प्रत्येक जण आपल्या सोयीने वजाबाकी करतो. आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर शेती, उद्योग, पिणं यांच्यातलं वाटप ठरवायचं काम प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेलं. त्याच वर्षी धोरणात शेती उद्योगाच्या वर आली, 2003 च्या धोरणात उद्योग दुसरा होता. म्हणजे प्राधान्यक्रम धोरणात, वाटप मंत्रिमंडळात, दर प्राधिकरणाकडे, व्हॉल्व्ह खात्याकडे. नदीला स्वतःसाठी किती, हे तर कुठेच नाही. किमान प्रवाहाची अधिसूचना केंद्राने 2018 ला काढली ती गंगेसाठी. मुठेला पावसाळा सोडून खडकवासल्याखाली धरणाचं किती पाणी असतं ते भिडे पुलावर उभं राहून बघा. दिसतं ते आपलंच.

पेठकर

मग टाटांचं पाणी भीमेत वळवा हा उपाय लोक सांगतात, तो कुठे बसतो?

कायदेकानू

पश्चिमेचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, ‘इतकं वळवलंच पाहिजे’ असं नाही. पण कमी वळवून ते पूर्वेला वापरलं तर राज्याच्या 560 मध्ये आणि भीमेच्या 95 च्या अटीत कसं बसवायचं, वीज किती बुडेल, मुळशीच्या लोकांना काय मिळेल, हे सगळं आलं. टाटांच्या धरणात जमिनी गेलेले मुळशीकर 1921 पासून वाट बघताहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मला माहितीच्या अधिकारात अर्ज करायचाय. महापालिकेच्या प्रत्येक उचलीच्या जागेवर, पर्वती, लष्कर, वारजे, मीटर कुणाचा, कोण वाचतं, आणि दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे का येतात. सोबत भीमा, मुठा, पवना, नीरा यांच्या अधिसूचित टप्प्यांची यादी. आणखी काय घालू?

शाखाधिकारी_निवृत्त

वर्ष कोणतं ते आधी लिहा. खात्याचं सिंचन वर्ष 1 जुलै ते 30 जून. लवादाचं जलवर्ष 1 जून ते 31 मे. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नुसतं ‘गेल्या वर्षीचा वापर’ विचारलंत तर तीन कार्यालयं तीन आकडे देतील आणि तिन्ही खरे असतील. महिनेवार मागा, म्हणजे तुम्हाला हवं तसं जुळवता येईल.

दुसरं, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. मीटरचा अर्ज वेगळा, अधिसूचनेचा वेगळा. एकत्र केलात तर त्याच कारणाने परत येईल.

टेलचा_शेतकरी

कालव्याच्या मुखाशी किती सोडलं ते सगळे देतात. दौंडच्या हद्दीवर किती आलं, इंदापुरात किती शिरलं, ते मागा. त्याचा तिसरा अर्ज करा. दहा रुपयांचा स्टॅम्प माझ्याकडनं.

ओंजळ

तीन अर्ज तर तीन. मसुदे रविवारी इथेच टाकते, कायदेकानू यांनी शब्द मोजून द्यावेत.

कायदेकानू

देतो. अधिसूचनेच्या अर्जात ‘यादी नसल्यास तसे लेखी कळवावे’ हे वाक्य नक्की घाला. मला त्याच उत्तरात जास्त रस आहे.